‘निष्णात’ कुणाला म्हणावं, कुणाला म्हणू नये

मी मुद्रितशोधन करते. पुस्तकांची प्रुफं तर असतातच, पण त्यांच्या जोडीला मानपत्रं, स्मरणिका, पाहुण्यांचे परिचय, निवृत्तीच्या समारंभातली भाषणं, नोकरीच्या अर्जासोबतची माहितीपत्रकं असंही बरंच काही टेबलावर येतं. या मजकुरात ‘निष्णात’ हा शब्द हमखास भेटतो. तो तिथे का आहे, हे पुष्कळदा लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. कौतुक तर करायचंय, ‘चांगला’ फिका वाटतो, मग ‘निष्णात’ लिहून मोकळं व्हायचं. शब्द भारदस्त असल्यामुळे वाक्य भरल्यासारखं दिसतं.

तो नीट वापरायचा तर आधी एकच प्रश्न विचारायची सवय लावा. ‘निष्णात’ लिहून झालं की स्वतःला विचारा, कशात? उत्तर त्याच वाक्यात सापडायला हवं.

‘त्या निष्णात आहेत’ हे वाक्य अर्धवट आहे. ‘त्या मोडी वाचण्यात निष्णात आहेत’ हे पुरं झालं. ‘निष्णात वकील’, ‘निष्णात शल्यविशारद’, ‘निष्णात तबलावादक’ या प्रयोगांत ‘कशात’ वेगळं लिहावं लागत नाही, कारण पुढचं नामच ते सांगतं. पण ‘निष्णात कार्यकर्ता’ म्हटलं की पुन्हा अडलं. कार्यकर्ता नेमका कशात निष्णात? वर्गणी जमवण्यात, मंडप उभारण्यात, की भांडणं मिटवण्यात? ‘निष्णात मार्गदर्शक’चीही तीच गत. ‘निष्णात व्यक्तिमत्त्व’ दिसलं की मी विचार न करता काट मारते. काम करतो माणूस. व्यक्तिमत्त्व कसलं काम करणार!

हा ‘कशात’ माझ्या डोक्यातून निघालेला नाही. तो या शब्दाच्या घडणीतच आहे. ‘स्ना’ म्हणजे न्हाणं, आंघोळ करणं. ‘स्नान’, ‘स्नातक’ हे त्याच धातूचे. त्याला ‘नि’ हा उपसर्ग लागला की निष्णात, म्हणजे एखाद्या गोष्टीत पुरता बुडून न्हालेला. आता न्हायचं तर कशात तरी न्हावं लागणार! संस्कृतात म्हणूनच या शब्दाबरोबर सप्तमी येते. भागवताच्या अकराव्या स्कंधात, ज्यावर एकनाथांनी मराठीत टीका लिहिली त्याच स्कंधात, ‘शब्दब्रह्मणि निष्णातः’ असा प्रयोग आहे. शब्दब्रह्मात निष्णात झाला, पण परब्रह्मात झाला नाही, तर त्याचे कष्ट भाकड गाय सांभाळणाऱ्यासारखे, असं तिथे म्हटलंय. एकाच माणसाला एका गोष्टीत निष्णात ठरवलंय आणि दुसरीत नाही. मानपत्रं लिहिणाऱ्यांनी हा श्लोक जरूर वाचावा.

मराठीत ही सप्तमी ‘त’ प्रत्ययाने येते: शिवणकामात निष्णात, वाटाघाटींत निष्णात, नाडीपरीक्षेत निष्णात. जिथे ‘त’ जोडणं अवघड जातं, तिथे ‘मध्ये’ चालतं. ‘शिवणकामाचा निष्णात’ किंवा ‘शिवणकामावर निष्णात’ मात्र चुकीचं. ‘वर’ हवं असेल तर ‘प्रभुत्व’ घ्या: भाषेवर प्रभुत्व, रागांवर प्रभुत्व.

घडणीबद्दल आणखी थोडं, कारण शुद्धलेखनाचा प्रश्नही तिथेच सुटतो. ‘स्ना’मधल्या ‘स’चा इथे ‘ष’ का झाला? पाणिनीने त्यासाठी खास सूत्र दिलंय: निनदीभ्यां स्नातेः कौशले (8.3.89). ‘नि’ आणि ‘नदी’ या शब्दांपुढे ‘स्ना’ आला आणि अर्थ कौशल्याचा असला, तर ‘स’चा ‘ष’ होतो. कौशल्याचा अर्थ नसेल तर ‘स’ आहे तसाच राहतो: निस्नात, नदीस्नात, म्हणजे नुसता न्हालेला. कौशल्य आलं की निष्णात आणि नदीष्ण. सगळं कसब त्या ‘ष’मध्ये साठवलंय म्हणा ना!

सूत्रावरच्या काशिका या टीकेतली उदाहरणं मला त्याहून आवडतात: ‘निष्णातः कटकरणे’ आणि ‘निष्णातो रज्जुवर्तने’. चटई विणण्यात निष्णात, दोर वळण्यात निष्णात. वैद्य नाही, पंडित नाही, राजाचा मंत्री नाही. हा शब्द पदव्या मिळवलेल्यांसाठीच राखीव आहे, अशी समजूत आज दिसते. निष्णात डॉक्टर, निष्णात वकील, निष्णात अर्थशास्त्री सगळे लिहितात. निष्णात गवंडी लिहायला हात धजत नाही. व्याकरणकारांना चटई विणणारा आठवला होता, तर आपण गवंड्याला हा शब्द बेलाशक द्यावा. अट एकच, तो गवंडी खरोखर तसा असावा.

आता लेखन. ‘नि’ ऱ्हस्व, मग ‘ष्णा’, मग ‘त’. ‘ष’च्या पाठोपाठ ‘न’ आला की त्याचा ‘ण’ होतो. उष्ण, तृष्णा, कृष्ण, सहिष्णू हे शब्द डोळ्यांसमोर आणले की ‘निष्नात’ लिहिलं जाणार नाही. ‘निश्णात’ ही चूक मोबाइलवर टाइप करणाऱ्यांकडून जास्त होते. पण सर्वांत चिवट चूक म्हणजे ‘निष्णांत’. डोक्यावरचा तो अनुस्वार बहुधा ‘निशांत’, ‘वृत्तांत’ यांच्या सोबतीने येऊन बसत असावा. इथे अंत कशाचाच नाही, तेव्हा टिंब काढा. उच्चार करताना ‘ष’साठी मागे वळलेली जीभ तिथेच ठेवून ‘ण’ म्हणायचा. जीभ पुढे आणून परत मागे नेली की ‘निश-नात’ होतं, आणि सूत्रसंचालकाने ध्वनिक्षेपकावरून तसं म्हटलं की पहिल्या रांगेतले निवृत्त शिक्षक एकमेकांकडे बघतात.

शब्द विकारी नाही. निष्णात वैद्य, निष्णात गायिका, निष्णात मुलं, तिन्हीकडे तोच. ‘निष्णाता’ असं स्त्रीलिंगी रूप मराठीला लागत नाही. नामासारखा वापरला की मात्र सामान्यरूप होतं: निष्णातांचा सल्ला, निष्णातांना विचारा. ‘निष्णात झाला’ लिहा. ‘निष्णात बनला’ला हिंदीचा वास येतो. भाववाचक नाम करायच्या फंदात पडू नका. ‘निष्णातता’ व्याकरणात बसेल, पण दोन ‘त’ एकमेकांवर आपटतात. तिथे नैपुण्य किंवा प्रावीण्य वापरा. प्रावीण्यमधला ‘वी’ दीर्घ आहे, कारण मूळ ‘प्रवीण’. ‘प्राविण्य’ छापलेली प्रमाणपत्रं भिंतीभिंतींवर लटकताना दिसतात. आणि ‘नैपुण्यता’, ‘प्रावीण्यता’ यांत एकाच शब्दाला दोनदा भाववाचक केलंय, शेपूट छाटा.

‘अत्यंत निष्णात’मधलं ‘अत्यंत’ जाऊ द्या. पुरता बुडाल्यावर आणखी किती बुडणार! ‘थोडाफार निष्णात’ तर होतच नाही. तिथे ‘बऱ्यापैकी जाणकार’ म्हणा, किंवा सरळ ‘थोडंफार येतं’ म्हणा. ‘निष्णात तज्ज्ञ’ या जोडीचीही गरज नाही, दोघांतला एक पुरतो. तो कोणता हे ठरवायचं, तर या शब्दाची भावंडं पाहावी लागतील.

अमरकोशात ही सगळी मंडळी एकाच श्लोकात बसवलीत: प्रवीण, निपुण, अभिज्ञ, विज्ञ, निष्णात, शिक्षित, वैज्ञानिक, कृतमुख, कृती, कुशल. वैज्ञानिकसुद्धा! म्हणजे त्या काळी हे शब्द एकमेकांच्या जागी चालत. आज चालत नाहीत. शब्दकोशात समानार्थी दिसले म्हणून वाक्यात अदलाबदल केली की फसगत होते, ती इथेच.

‘तज्ज्ञ’ म्हणजे ते जाणणारा. तत् अधिक ज्ञ, म्हणून ‘ज्’ दोनदा, ‘तज्ञ’ चूक. हा शब्द ज्ञानाकडे बघतो, निष्णात कामाकडे. मोडी लिपीचा तज्ज्ञ तुम्हाला अक्षरांची वळणं कशी बदलत गेली ते सांगेल, कागदाचा काळ अंदाजाने ठरवेल. मोडी वाचण्यात निष्णात माणूस शाई उडालेलं, वाळवीने खाल्लेलं पत्र समोर धरून घडाघडा वाचत जाईल. दोन्ही गुण एकाच माणसात असू शकतात, पण वाक्य लिहिताना आपण कशाबद्दल बोलतोय ते ठरवायला हवं. शिवाय तज्ज्ञ सरळ विषयाला चिकटतो: कृषितज्ज्ञ, अर्थतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ. दारावरच्या पाटीवर म्हणूनच तज्ज्ञ शोभतो. ‘हृदयरोगनिष्णात’ अशी पाटी कुणी लावली तर रुग्ण दचकेल.

‘पारंगत’ म्हणजे पैलतीराला पोचलेला. ज्या विद्येला आरंभ-शेवट आहे, जिचा अभ्यास पुरा करता येतो, तिच्यासाठी तो चांगला: व्याकरणात पारंगत, वेदांत पारंगत, चार भाषांत पारंगत. निष्णात आणि पारंगत हे दोन्ही पाण्यातले शब्द, पण एक पाण्यातच राहिलाय आणि दुसरा पलीकडे जाऊन उभा आहे. रोज हातून होणाऱ्या कामाला मी पहिला वापरते.

‘तरबेज’ला हालचाल हवी. पोहण्यात, घोडेस्वारीत, झाडावर चढण्यात, पत्ते पिसण्यात तरबेज. दहा वर्षांची मुलगीही तरबेज असू शकते. निष्णात म्हणायला मात्र मागे काही वर्षांची मेहनत असावी असं माझं मत आहे, आणि ते मी लेखकांच्या गळी उतरवत असते.

‘वाकबगार’ हा अरबी-फारसीतल्या ‘वाकिफ’वरून आलेला, म्हणजे मूळ अर्थ माहीतगार. माणसं, व्यवहार, कागदपत्रं, खाचाखोचा यांची जाण असलेल्याला तो शोभतो. कुठल्या टेबलावर कुठला अर्ज द्यायचा, कुणाशी किती बोलायचं, हे ज्याला कळतं तो वाकबगार. हा शब्द हल्ली कमी दिसतो याचं मला वाईट वाटतं. संधी मिळेल तिथे वापरा.

‘पटाईत’ हा एके काळी पट्टा फिरवणारा. आता त्याच्या डोळ्यांत मिश्कील चमक असते. ‘थापा मारण्यात पटाईत’, ‘कामं दुसऱ्यावर ढकलण्यात पटाईत’. चांगल्या गोष्टीलाही तो चालतो, पण गंभीर मजकुरात नको. शल्यविशारदाला पटाईत म्हटलं तर त्याच्या हाती सुरी द्यायची की नाही असा प्रश्न पडेल. ‘सराईत’ची तर वर्तमानपत्रांनी वाटच लावलीय. सराईत गुन्हेगार, सराईत चोर, सराईत टोळी. सरावलेला हा साधा अर्थ मागे पडला आणि शब्दाला पोलीस ठाण्याची हवा लागली. गंमत म्हणजे ‘सराईतपणे’ मात्र अजून स्वच्छ आहे: ‘तिने सराईतपणे कांदा चिरला’ यात कुणाला गुन्हा दिसत नाही. तेव्हा क्रियाविशेषण घ्या, विशेषण टाळा.

‘हातखंडा’ हे नाम आहे, हे विसरलं जातं. ‘तो हातखंडा आहे’ असं होत नाही. ‘विनोदी भूमिकांत त्याचा हातखंडा आहे’ असं होतं. हिंदी मजकूर घाईघाईत मराठीत आणताना ‘राजकीय हातखंडे’ असं काहीतरी येतं. हिंदीतला हथकंडा म्हणजे डावपेच, लबाडी. मराठीतला हातखंडा म्हणजे हमखास जमणारी गोष्ट. दोघांची गाठ घालू नका.

‘कसबी’ सुरेख शब्द आहे, कारागिरांसाठी तर फारच. कसबी सुतार, कसबी हात. पण स्त्रीबद्दल लिहिताना ‘कसबी’च ठेवा. ‘कसबीण’ केलंत तर अर्थ पार बदलतो. त्या शब्दाचा अर्थ वेश्या असा रूढ आहे. ‘विशारद’बद्दलही जपून. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत ‘विशारद’ आणि त्यापुढची ‘अलंकार’ ही ठरलेली नावं आहेत, त्यामुळे ‘गायनात विशारद’ लिहिलं की वाचणारा परीक्षा दिली असं धरून चालतो. दिली नसेल तर ‘गायनात निपुण’ लिहा.

निपुण, प्रवीण, कुशल यांच्यावर फार वेळ घालवत नाही. वीणा उत्तम वाजवणारा तो प्रवीण, हात कापून न घेता कुश म्हणजे दर्भ तोडून आणणारा तो कुशल, अशा व्युत्पत्त्या परंपरेने सांगितल्या आहेत. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने तर ‘कर्मणि कुशलः’ (कामात कुशल) हे रूढीने बदललेल्या अर्थाचं उदाहरणच दिलंय. आज कुशल हा शब्द किमान वेतनाच्या तक्त्यात जाऊन बसलाय: कुशल, अर्धकुशल, अकुशल. आणि 2021 साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानामुळे शाळांमध्ये निपुण म्हणजे वाचन आणि गणिताच्या पायाभूत गोष्टी येणारं मूल, असा अर्थ शिक्षकांच्या बोलण्यात रुळतोय. मोठ्या माणसाच्या गौरवात निपुण लिहिताना हे ध्यानात असू द्या.

आता हे सगळं प्रत्यक्ष कसं लागू करायचं ते एका मानपत्रावरून सांगते. एका परिचारिकेच्या निवृत्तीचं मानपत्र तपासायला आलं होतं. त्यातलं वाक्य असं: ‘आपण आपल्या क्षेत्रातील एक निष्णात, अनुभवी, तज्ज्ञ, कर्तव्यदक्ष व मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व म्हणून सर्वपरिचित आहात.’ पाच विशेषणं, आणि वाक्यातून त्या बाईंचा चेहरा काही दिसत नाही. हेच वाक्य बँकेच्या शाखाधिकाऱ्यालाही चाललं असतं.

मी मजकूर आणणाऱ्याला विचारलं, त्या नेमकं काय छान करायच्या? तो म्हणाला, सगळंच. मी म्हटलं, सगळंच म्हणजे काहीच नाही. कशासाठी त्यांना हाका मारायचे? मग तो जरा थांबला आणि म्हणाला, तान्ह्या बाळाची शीर सापडत नसली की दुसऱ्या वॉर्डातून यांना बोलावणं यायचं. इतरांनी दोन-तीनदा टोचून झालेलं असायचं, बाळ रडून लाल झालेलं असायचं. या यायच्या, बाळाचा हात तळव्यावर घ्यायच्या, अंगठ्याने चाचपायच्या आणि सुई एकदाच घालायच्या.

झालं की! वाक्य त्याच्याच तोंडून निघालं होतं. छापलं ते असं: ‘तान्ह्या बाळांना सलाईन लावण्यात आपण निष्णात. इतरांना शीर सापडेनाशी झाली की साऱ्या वॉर्डांतून आपल्यालाच हाक यायची.’ ‘निष्णात’ राहिला, बाकी चार विशेषणं गेली. मनमिळाऊ काढताना त्याने थोडी कुरकुर केली, म्हणून तो शब्द पुढच्या परिच्छेदात, त्या सुट्टीच्या पाळ्या कशा बदलून द्यायच्या त्या मजकुराशेजारी बसवला. तिथे त्याला आधार मिळाला.

परिचय लिहिताना हीच पद्धत वापरा. आधी काम लिहा, मग बघा त्याच्यापुढे निष्णात हवाय का. पुष्कळदा काम लिहून झाल्यावर विशेषणाची गरजच उरत नाही.

कथा-कादंबरीतल्या संवादांत हा शब्द शक्यतो नको. बोलताना माणसं निष्णात म्हणत नाहीत. ‘त्याचा हात बसलाय’, ‘तिच्या हाताला सफाई आहे’, ‘कायदा कोळून प्यायलाय’, ‘हे तर त्याच्या हातचा मळ’ असं म्हणतात. स्वयंपाकघरात बसलेल्या आजीच्या तोंडी ‘सूनबाई पुरणपोळीत निष्णात आहे’ घातलंत, तर आजी निवृत्त मुख्याध्यापिका आहे हे आधी सांगून ठेवा. उलट, मुद्दाम भारदस्त बोलून टोमणा मारायचा असेल तर तो फक्कड बसतो: ‘आमचे चिरंजीव उशिरा येण्यात निष्णात आहेत.’ एका लेखात एकदाच. दुसऱ्यांदा वापरला की विनोद शिळा होतो.

राहता राहिला स्वतःबद्दल लिहिण्याचा प्रश्न. नोकरीच्या अर्जात ‘मी संगणकात निष्णात आहे’ असं लिहिणारी मुलं खूप असतात. एक तर ‘संगणकात’ म्हणजे कशात हे कळत नाही, आणि दुसरं म्हणजे हा शब्द दुसऱ्याने द्यायचा आहे. स्वतःसाठी घेतला की फुशारकी वाटते. नकारात मात्र तो विनयाने येतो: ‘मी काही त्यात निष्णात नाही, पण करून बघते.’ अर्जात काय येतं ते लिहा: ‘मराठी टंकलेखन युनिकोडमध्ये करते, दोनशे पानांच्या पुस्तकाची अक्षरजुळणी आणि अनुक्रमणिका स्वतंत्रपणे केली आहे.’ मुलाखत घेणारा हे वाचून मनातल्या मनात हवा तो शब्द लावेल, आणि शिफारसपत्र देणाऱ्यालाही ‘निष्णात’ लिहायला जागा शिल्लक राहील.